गंजलेलं बिडाचं भांडं पुन्हा वापरात आणायचं, तर

बिडाच्या तव्यावर किंवा कढईत तांबूस थर दिसला की काहीजण ते भांडं थेट भंगारात काढतात आणि काहीजण हाताला लागेल त्या वस्तूने घासत सुटतात. बीड जाड असतं. गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो, खालचा धातू शाबूत असतो. त्यामुळे भांडं वाया जायचा प्रश्न सहसा येतच नाही. आणि खरं सांगायचं तर गंज काढणं हा या कामातला सोपा भाग आहे. लोकांचं काम फसतं ते नंतर: गंज निघाल्यावरच्या अर्ध्या तासात, आणि तेल लावताना. म्हणून पुढे त्या दोन टप्प्यांवर जास्त लिहिलं आहे.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचं संयुग. यातलं पाणी किंवा हवा, एक जरी अडवलं तरी गंज थांबतो. बिडावर पक्का बसलेला तेलाचा काळा थर नेमकं हेच करतो. तो थर कुठे खरवडला, आंबटाने उतरला किंवा भांडं ओलं राहिलं, की गंज सुरू. मीठ लागलेलं असेल तर आणखी भराभर. तांब्या-पितळेवर चढलेला थर आतल्या धातूला सांभाळतो. गंजाचं तसं नाही. तो भुसभुशीत असतो, पोपडे धरून सुटतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पाडतो. म्हणून ‘थोडाच आहे, राहू दे’ असं करू नका.

## १. घासण्याआधी भांडं नीट पाहा

पहिला प्रश्न: हे भांडं उघड्या बिडाचं आहे, की त्यावर मुलामा आहे? आत-बाहेर काचेसारखा गुळगुळीत, बहुधा रंगीत थर असेल तर ते इनॅमलचं भांडं. पुढची एकही कृती त्याला लागू नाही. इनॅमलच्या भांड्याची फक्त काठाची उघडी रेघ गंजली असेल तर ती पुसून तेलाचा हात फिरवला की झालं. आतल्या बाजूने टवके उडाले असतील तर मात्र ते स्वयंपाकातून काढा.

दुसरं, तडा. दांडीला धरून भांडं लोंबतं ठेवा आणि लाकडी चमच्याने हलकेच टोला द्या. आवाज खणखणीत घुमला तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी भेग आहे, आणि तापवल्यावर ती वाढणार. अशा भांड्यावर मेहनत घेऊ नका.

तिसरं, बूड. सपाट ओट्यावर किंवा काचेवर ठेवून भांडं फिरवून बघा. भोवऱ्यासारखं फिरलं तर बूड फुगलेलं आहे. हे घरी दुरुस्त होत नाही. ज्योतीवर ते चालून जातं, पण सपाट काचेच्या शेगडीवर किंवा इंडक्शनवर त्रास देतं.

चौथी गोष्ट फार कमी लोक सांगतात. भांडं जुनं, कुणाकडून तरी आलेलं आणि त्याचा इतिहास माहीत नसलेला असेल, तर त्यात पूर्वी शिसं वितळवलेलं असू शकतं. मासेमारीची वजनं, बंदुकीच्या गोळ्या अशा कामांसाठी बिडाची छोटी भांडी आणि पळ्या सर्रास वापरल्या जात. बिडाच्या खरखरीत पृष्ठभागात अडकलेलं शिसं घासून पूर्ण निघेल याची खात्री देता येत नाही, उलट घासताना त्याची धूळ उडते. शिसं ओळखायच्या तयार चाचणी-पट्ट्या मिळतात. आतून करडे चकचकीत थेंब किंवा शिंतोडे दिसत असतील तर चाचणी घासण्याआधी करा. शंका राहिलीच तर ते भांडं शोभेला ठेवा, त्यात शिजवू नका.

## २. काय काय लागेल

- तारेची बारीक घासणी (स्टीलची), काथ्या, आणि कानाकोपऱ्यांसाठी जुना दात घासायचा ब्रश
- रबरी हातमोजे. गंजाची धूळ कोरडी उडत असेल तर नाकाला मास्क
- भांडी घासायचा साधा साबण
- पांढरं व्हिनेगर (साधारण ५ टक्के आम्लाचं) किंवा सायट्रिक ॲसिडची पूड
- खायचा सोडा
- भांडं पूर्ण बुडेल असं प्लास्टिकचं टब. ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं चालणार नाही, आम्ल त्यालाही खातं
- धागे न सोडणाऱ्या सुती चिंध्या, भरपूर
- रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल
- ओव्हन. नसेल तर शेगडी आणि थोडा जास्त संयम

बाजारात मिळणारी गंज पालटवणारी रसायनं, म्हणजे गंजावर लावली की तो काळा होऊन त्यावर रंग देता येतो अशी, स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी नसतात. ती दारं-खिडक्यांच्या लोखंडासाठी ठेवा. कुलपं-बिजागऱ्या सैल करायचे फवारेही इथे नकोत.

## ३. आधी चिकटा, मग गंज

जुन्या भांड्यावर बहुतेक वेळा दोन गोष्टी एकत्र असतात: वर्षानुवर्षांचं करपलेलं तेलकट कीट आणि त्याच्या अवतीभवती किंवा खाली गंज. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. कीट अल्कलीने सुटतं, गंज आम्लाने. व्हिनेगरमध्ये बुडवलेलं तेलकट भांडं तासाभराने जसंच्या तसं बाहेर येतं ते यामुळेच. आम्ल तेलाखाली पोहोचतच नाही.

थर पातळ आणि एकसंध असेल तर तो काढायची गरज नाही, फक्त गंजलेला भाग दुरुस्त करा. पण जाड खपल्या धरल्या असतील तर तो पूर्ण उतरवलेला बरा. त्यासाठी कॉस्टिक सोड्याचा ओव्हन-क्लीनर भांड्यावर मारून, ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन दिवस ठेवतात आणि मग घासतात. हे रसायन कातडी आणि डोळ्यांना गंभीर इजा करतं. लांब हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा, यातलं एकही कमी असेल तर हा उपाय करू नका. कॉस्टिक सोड्याची पूड वापरून द्रावण करणार असाल तर नेहमी सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. आणि ॲल्युमिनियम त्याच्या आसपासही नको, त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.

भांडं सरळ आगीत टाकून कीट जाळायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. कीट जळतं हे खरं. पण आगीत तापमानावर ताबा नसतो, बूड वाकतं, तडा जातो आणि धातूवर लालसर खवल्यांचा असा थर धरतो की पुढे त्यावर तेल टिकत नाही. गंज काढता येतो, हे नुकसान भरून निघत नाही.

## ४. हातानेच किती निघतं ते बघा

गंज पुसट असेल, बोट फिरवलं की केशरी पूड लागते पण पृष्ठभाग गुळगुळीत आहे, तर रसायनाची गरजच नाही. साबणपाणी घ्या आणि तारेच्या घासणीने गोल गोल घासा. अर्धा कापलेला बटाटा आणि जाड मीठ हा उपायही खरा आहे. मीठ घासतं, बटाट्यातलं ऑक्झॅलिक आम्ल थोडा गंज सोडवतं. पुसट गंजाला तो पुरतो, त्यापुढे नाही. आणि मीठ वापरलंत तर नंतर भांडं अगदी स्वच्छ धुवा.

सॅन्डपेपर, ग्राइंडर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश: हात शिवशिवतील, पण थांबा. बीड वाळूच्या साच्यात ओततात. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने वाळूत लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७०७ साली, आणि आजही पृष्ठभागावरचा तो बारीक रवाळपणा वाळूचीच खूण असतो. त्या रव्याला तेल धरून राहतं. यंत्राने तो ओरबाडून चकचकीत केलात तर भांडं दिसेल सुरेख, पण पहिले काही थर त्यावर नीट बसणार नाहीत. शिवाय यंत्र एका जागी जरा जास्त वेळ राहिलं की तिथे खळगा.

## ५. गंज जाड असेल तर व्हिनेगर

व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. भांडं पूर्ण बुडायला हवं. अर्धवट बुडवलंत तर पाण्याच्या पातळीवर एक रेघ उमटते आणि ती पुढे बराच काळ दिसत राहते. व्हिनेगरऐवजी सायट्रिक ॲसिड घेतलंत तर लिटरभर कोमट पाण्याला दोन-तीन टेबलस्पून पुरे. काम तेच, वास नाही.

अर्ध्या तासाने भांडं बाहेर काढा, घासा, बघा. गंज सुटत असेल तर आणखी बुडवायची गरज नाही. उरला असेल तर पुन्हा अर्धा तास. असं करत जा. रात्रभर ठेवून सकाळी बघू, हा इथला सगळ्यात मोठा धोका. आम्लाला गंज आणि लोखंड यांच्यात थांबायची रेघ कळत नाही. गंज संपला की ते धातू खायला लागतं. स्वच्छ झालेल्या भागातून बारीक बुडबुडे यायला लागले, की तो धातू विरघळत असल्याची खूण समजा आणि भांडं लगेच काढा. जास्त वेळ राहिलेल्या भांड्याचा पृष्ठभाग करडा, मऊसर आणि खड्ड्याखड्ड्यांचा होतो.

या टबात किंवा त्याच्या जवळपास ब्लीच येता कामा नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. ‘दोन्ही स्वच्छच करतात ना’ म्हणून लोक एकत्र करतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

भांडं काढल्यावर चमचाभर खायचा सोडा पाण्यात कालवून त्याने धुवा, म्हणजे रव्यांत राहिलेलं आम्ल शमेल. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवा.

गंज गेल्यावर खाली खड्डे दिसू शकतात. ते गंजाने आधीच खाल्लेले असतात, तुमच्यामुळे पडलेले नाहीत. उथळ खड्डे काही वापरानंतर तेलाने भरत येतात.

## ६. फारच वाईट अवस्था असेल तर वीज

पूर्ण भांडंच गंजाच्या कवचात गेलं असेल, तर इलेक्ट्रॉलिसिस हा सर्वांत हळुवार उपाय. आम्लासारखा तो चांगला धातू खात नाही, त्यामुळे भांडं तासभर जास्त राहिलं तरी बिघडत नाही. पण हा सगळ्यांसाठी नाही. विजेची साधी कामं हाताखालून गेलेली नसतील तर व्हिनेगरच बरं.

थोडक्यात असं: प्लास्टिकच्या टबात पाणी, दर चार लिटरला साधारण टेबलस्पूनभर धुण्याचा सोडा. गाडीच्या बॅटरीच्या १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार भांड्याला, धन तार टाकाऊ साध्या लोखंडाच्या तुकड्याला. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न टेकता. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसेल तर वीज सोडतच नाहीत, तेव्हा जुन्या साध्या प्रकारचा लागतो.

तीन गोष्टी अजिबात करू नका. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन निघतो. आणि बंद खोलीत करू नका, कारण यात हायड्रोजन तयार होतो आणि तो एका ठिणगीने पेटतो. पाण्यात हात घालण्याआधी चार्जरचा प्लग काढलेला असला पाहिजे. तारा उलट्या जोडल्यात तर तुमचं भांडंच झिजेल. जोडण्याआधी दोनदा बघा.

## ७. पुढचा अर्धा तास जागेवरून हलू नका

आता भांडं करडं, उघडं आणि पूर्ण असुरक्षित आहे. हवेत ठेवलेलं ओलं बीड काही मिनिटांत पुन्हा केशरी पडतं. त्यामुळे धुण्याआधीच चिंध्या, तेल आणि शेगडी तयार ठेवा. ओव्हन वापरणार असाल तर तोही आधीच तापत ठेवा.

शेवटचं धुणं गार पाण्याने करा, गरम पाण्यात गंज लवकर येतो. लगेच फडक्याने दाबून पुसा आणि मंद आचेवर ठेवा. आच एकदम मोठी नको. बीड ठिसूळ असतं, एक भाग तापलेला आणि एक गार अशी स्थिती त्याला सोसत नाही. याच कारणाने तापलेल्या भांड्यावर कधीही गार पाणी ओतू नका.

पाच-दहा मिनिटांत भांडं वरून कोरडं दिसेल. त्यावर विश्वास ठेवू नका. दांडीचं भोक, काठाखालची खाच, बुडावरची अक्षरं किंवा कडी, इथे पाणी दडून बसतं. भांडं उलटं-पालटं करून सगळीकडून तापू द्या. हात लावता येणार नाही इतकं तापलं, म्हणजे पाणी गेलं.

एवढं करूनही पुसताना चिंधी किंचित पिवळट-केशरी निघाली तर घाबरू नका, पुन्हा व्हिनेगरकडे जाऊ नका. हा नुकताच धरलेला पुसट गंज असतो, तेलाची चिंधी फिरवली की तो निघून जातो.

## ८. तेल लावा आणि मग ते पुसून काढा

भांडं कोमट-गरम असतानाच चमचाभर तेल घ्या आणि आत, बाहेर, दांडीला, बुडाला, सगळीकडे चोळा. लाकडी मूठ असेल तर ती आधी काढून ठेवा.

आता कोरडी चिंधी घ्या आणि लावलेलं सगळं तेल पुसून काढा. अगदी चुकून लागलं होतं अशा निश्चयाने. भांडं जवळजवळ कोरडं, मंद तुकतुकीत दिसलं पाहिजे, ओलं किंवा चकाकणारं नाही. इथे प्रत्येकाचा हात अडखळतो, कारण जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण असं वाटतं. होतं उलटंच. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक, प्लास्टिकसारखा थर तयार होतो, पण थर पातळ असेल तरच. जाड तेल आत कच्चं राहतं, ओघळ धरतं, चिकट होतं, आणि काही दिवसांनी खपल्या सुटतात.

तेल कुठलं? ज्यात असंतृप्त घटक जास्त ते. सूर्यफूल, सोयाबीन चांगली. खोबरेल तेल किंवा तूप यासाठी कमकुवत, त्यांचा कडक थर नीट बनत नाही. जवसाच्या तेलाचं फार कौतुक ऐकाल. त्याचा थर सर्वांत कडक आणि सुंदर होतो हे खरं, पण वापरात तो टवके सोडतो अशी तक्रार वारंवार ऐकू येते. माझं मत साध्या रिफाइंड तेलाच्या बाजूने. जवस वापरलंतच तर त्याच्या चिंध्या चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

## ९. तापवणं

ओव्हनमध्ये भांडं पालथं ठेवा, म्हणजे उरलेलं तेल तळाशी साचणार नाही. खालच्या कप्प्यात एक ट्रे ठेवा. २३० अंश सेल्सियसच्या आसपास एक तास. पहिल्या दहा मिनिटांनी एकदा बाहेर काढून पुन्हा पुसा, कारण तापल्यावर रव्यांतलं तेल वर येऊन थेंब धरतात. तासानंतर ओव्हन बंद करा आणि भांडं आतच गार होऊ द्या.

धूर होणार. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर त्याला लांबच्या खोलीत हलवा, पक्ष्यांना हा धूर फार बाधतो.

हे सगळं तीन-चार वेळा. पहिल्या थरानंतर भांडं काळं होणार नाही, तपकिरी किंवा ठिपक्याठिपक्यांचं दिसेल. ते बरोबर आहे. काळेपणा वापराने येतो.

ओव्हन नसेल तर शेगडीवर: तेल लावून पुसलेलं भांडं मध्यम आचेवर ठेवा, धूर निघू लागला की आच थोडी कमी करून धूर विरेपर्यंत तापवा, गार करा, पुन्हा तेच. ज्योत फक्त मध्यभागी लागते, म्हणून भांडं थोडं थोडं सरकवत कडांनाही ताप द्या. तव्याला हे छान जमतं. खोल कढईच्या भिंतींना कमी जमतं, त्यांचा रंग मागे राहतो.

## १०. पहिले काही वापर आणि नंतरची काळजी

सुरुवातीला भरपूर तेलात परतायचे किंवा तळायचे पदार्थ करा. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असलेलं काहीही काही आठवडे टाळा. नवा थर आंबटाने उतरतो आणि पदार्थाला धातूची चव येते. शिजवलेलं भांड्यात तसंच ठेवून देऊ नका.

साबण चालतो. आजचे भांडी घासायचे सौम्य साबण पक्का बसलेला थर काढत नाहीत. साबण नको हा जुना नियम कॉस्टिक सोड्याच्या कडक साबणांच्या काळातला. न चालणाऱ्या गोष्टी दोन: पाण्यात भिजत ठेवणं आणि डिशवॉशर. धुतलं की पुसा, दोन मिनिटं शेगडीवर ठेवा, तेलाचा अगदी हलका हात फिरवा.

ठेवताना झाकण घट्ट लावू नका, आतली दमट हवा कोंडते. एकावर एक भांडी रचत असाल तर मध्ये कागद किंवा कापड ठेवा. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर तेलाचा जाड थर देऊन ठेवू नका, तो खवट आणि चिकट होतो. पातळ हातच द्या आणि अधूनमधून एकदा बघा.

## अडलं तर

पुसताना चिंधी काळी होते. हा गंज नाही. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि करपलेल्या तेलाचे कणही सुटतात. काही वापरांनंतर कमी होतं.

भांडं हाताला चिकट लागतं. तेल जास्त झालं होतं. पुन्हा तेल न लावता २३० अंशांवर तासभर तापवा. तरी चिकटच राहिलं तर चिकट भाग घासून काढा आणि तेवढ्याच भागावर नवे थर द्या.

तपकिरी डाग आहे, पण तो गंज की थराचा रंग कळत नाही. पांढऱ्या चिंधीला तेल लावून जोराने फिरवा. केशरी उतरलं तर गंज, नाही उतरलं तर रंग. रंगाला हात लावू नका.

गंजलेल्या भांड्यात आधीच शिजवून खाल्लं. थोडासा गंज पोटात गेल्याने धनुर्वात होत नाही. तो मातीत राहणाऱ्या जिवाणूमुळे, जखमेतून होतो. मात्र गंजाच्या पोपड्याने बोट कापलं असेल तर जखम धुवा आणि लस कधी घेतली होती ते तपासून डॉक्टरांना विचारा.